मागच्या आसनावरील शांतता

वसईहून किंवा मुंबईहून पहाटे निघालेली मोटार पनवेल ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागली, की पेणच्या आसपास मागच्या आसनावरून पहिला प्रश्न येतो : अजून किती राहिले? या प्रश्नाला पूर्वीच्या आईवडिलांपाशी उत्तर नसे. आजच्या आईवडिलांपाशी ते आहे आणि ते खिशातच असते. मोबाईल मागे सरकवला जातो, मुलाच्या कानांत त्या दोन गुंड्या बसतात आणि मग माणगावपर्यंत, कधी कधी थेट महाडपर्यंत, मागे कोणी बसले आहे याची जाणीवही गाडीत उरत नाही. या लेखात आम्हांला विचार करावयाचा आहे तो या शांततेचा. ती कशी मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. ती कोणासाठी असते आणि तिची किंमत कोण चुकते करतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रथम वैद्यकाची बाजू सांगून टाकू, कारण या विषयावर बोलणारे बहुतेक जण तेथेच सुरुवात करतात आणि तेथेच थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार एका वर्षाखालील बालकाला पडद्यापुढे बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाचा पडद्यापुढे बसून जाणारा वेळ दिवसाकाठी एका तासाहून अधिक नसावा. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही याच आशयाचा सल्ला देते. दुसरी गोष्ट घाटातली. गाडी 'लागते' म्हणजे काय होते? कानाच्या आत तोल सांभाळणारे जे इंद्रिय आहे ते मेंदूला कळवते की आपण वळतो आहोत, हेलकावतो आहोत. आणि डोळे एका जागी खिळलेले असल्यामुळे ते कळवतात की आपण स्थिर आहोत. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही आणि पोटात ढवळू लागते. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत अधिक. म्हणून वळणावळणाच्या रस्त्यात मुलाला दूरवर, क्षितिजाकडे पाहावयास सांगणे हेच शहाणपणाचे. हे सर्व खरे आहे आणि पाळण्यासारखे आहे. पण समजा, मूल दहा वर्षांचे आहे, त्याला गाडी लागत नाही आणि एरवी घरी ते फारसे पडद्यापुढे नसते. मग वैद्यांची हरकत संपली. आमचा प्रश्न मात्र संपत नाही.

जुन्या प्रवासांच्या गोडव्यांपासूनही आपण सावध राहिलेले बरे. ज्यांनी एस. टी. च्या लाल गाडीतून मे महिन्यात कोकणचा प्रवास केला आहे, त्यांना खिडकीशी धरलेले लिंबू, मांडीवरची पिशवी आणि पुढच्या आसनाच्या दांडीवर आपटलेले कपाळ आठवत असेलच. त्या प्रवासात मुले आनंदाने निसर्ग न्याहाळत बसत, असे आता सांगितले जाते. आम्हांला तर ती बहुधा रडत, भांडत किंवा झोपत असल्याचे स्मरते. शिवाय प्रवासातला पडदा ही काही कालची वस्तू नव्हे. व्हिडिओ कोच नावाच्या रात्रीच्या आरामगाड्या एके काळी राज्यभर धावत होत्या. त्यांत एकच चित्रपट, एकाच कर्कश आवाजात, ज्याला हवा त्याला आणि नको त्यालाही दाखवला जाई. झोपेचे खोबरे होई, पण दुसऱ्या दिवशी त्या चित्रपटातील खलनायकाविषयी आजोबा आणि नातू एकमेकांशी बोलू शकत, कारण दोघांनी तो सारखाच सोसलेला असे.

त्याहीपूर्वीची कथा आगगाडीची. जर्मन इतिहासकार वोल्फगांग शिव्हेलबुश यांनी आगगाडीच्या प्रवासावर १९७७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की घोडागाडीत समोरासमोर बसून गप्पा मारणारा युरोपीय उतारू आगगाडीच्या डब्यात येताच मुका झाला आणि त्याने पुस्तकात डोके घातले. स्थानकांवरची पुस्तकांची दुकाने या मुकेपणातूनच वाढली. आपल्याकडे ए. एच. व्हीलर यांची दुकाने रेल्वेच्या फलाटांवर एकोणिसाव्या शतकापासून उभी राहिली, तीही प्रवाशाला खिडकीखेरीज दुसरे काहीतरी हवे असते म्हणूनच. जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने तर १८४९ मध्येच तक्रार केली होती, की रेल्वे माणसाचा प्रवासी राहू देत नाही, त्याचे जिवंत पार्सल करून टाकते. तेव्हा पडद्यात बुडालेल्या मुलाकडे बोट दाखवताना हेही लक्षात असावे, की रहस्यकथेत बुडालेल्या त्याच्या आजोबांना कोणी असे बोट दाखवले नव्हते.

आणखी एक न्यायाची गोष्ट. पूर्वी मागच्या आसनावर चार मुले लोळत, गुडघ्यांवर उभी राहून मागच्या काचेतून ट्रकवाल्यांना हात करीत. आज तसे करू देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या सुधारणेनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने वा बालआसनात न बांधता गाडी चालवली, तर एक हजार रुपये दंड आहे. हा कायदा योग्यच आहे; त्याने जीव वाचतात. पण त्याचा अर्थ असा, की ज्या वयात पाच मिनिटे स्थिर बसणे हीच शिक्षा असते, त्या वयाच्या मुलाला आपण दहा-बारा तास एका जागी बांधून ठेवतो. रस्किनचे पार्सल आता खरोखरच दोरीने बांधले गेले आहे. अशा मुलाने काहीतरी मागितले तर तो त्याचा हट्ट म्हणता येणार नाही.

मग नवे काय आहे? आमच्या मते दोन गोष्टी नव्या आहेत. पडदा माणशी एक झाला. आणि त्यावरचे चित्र संपेनासे झाले. २०१० मध्ये आयपॅड आला, तेव्हा मांडीवर मावणारा चित्रपटगृहाचा पडदा मुलांच्या हाती पडला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि तोवर तोलूनमापून वापरला जाणारा डेटा घराघरांत पाण्यासारखा वाहू लागला. व्हिडिओ कोचमधला चित्रपट तीन तासांनी का होईना, संपत असे. आताची चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते. ती कोणी निवडलेली नसते. बाळाला भरवताना आई "हा शेवटचा घास" म्हणते, तो शेवटचा घास येथे नाही. मुलाने स्वतःहून थांबावे अशी अपेक्षा आपण धरतो, पण ज्या यंत्राची रचनाच कोणी थांबू नये यासाठी केलेली आहे, त्यापुढे आठ वर्षांच्या इच्छाशक्तीने काय करावे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोबाईल मागे देणे हे देणे आहे की घेणे? वरकरणी ती भेट दिसते. मुलाला हवे ते मिळाले, मूल खूश झाले. पण तो मोबाईल नेमका कोणत्या क्षणी मागे गेला, हे आठवून पाहावे. मुलाने मागितला तेव्हा बहुधा नकारच मिळालेला असतो. पुढे वाहतूक तुंबली, वडिलांचा आवाज चढला, आईच्या कपाळात कळ आली, तेव्हा तो न मागताच पुढे केला गेला. म्हणजे ज्या गरजेने तो दिला गेला, ती देणाऱ्याची होती. ज्याचा लाभ देणाऱ्याला आणि ज्याची किंमत घेणाऱ्याला, अशा देण्याला व्यवहारात आपण भेट म्हणत नाही. त्याचे खरे नाव कडू आहे, म्हणून आपण ते घेत नाही. आम्ही शांतता विकत घेतो आणि ती मुलाच्या नावावर मांडतो.

हे वाक्य लिहिल्यावर लगेच दुसऱ्या बाजूने बोलणे आम्हांला भाग आहे. प्रवासाच्या आदल्या रात्री बारापर्यंत जिने बॅगा भरल्या, पहाटे चारला उठून पोळ्या केल्या, डबे बांधले, सासऱ्यांची औषधे मोजून घेतली, त्या बाईला कोलाडपासून पुढे दोन तास कोणी हाक मारू नये असे वाटले, तर तिला नीतीचे पाठ द्यावयास कोण पुढे येणार? जे पुढे येतात ते बहुधा पोळ्या करणाऱ्यांपैकी नसतात. आणि घाटात समोरून येणारा ट्रक चुकवणाऱ्या माणसाच्या कानाशी दोन मुले भांडत असतील, तर तेथील शांतता ही चैन नव्हे. ती सर्वांच्या जिवाची गरज आहे. थकव्याला हक्क असतो. आमचे म्हणणे एवढेच, की त्या हक्काचे नाव घेऊन तो मागावा. "आई दमली आहे, तिला तासभर शांतता हवी आहे, म्हणून हे घे," असे मुलाला सांगता येते. मग तोच मोबाईल, तेच कार्टून, पण मुलाने आईसाठी काहीतरी केले असे होते. त्याला गप्प करण्यात आले असे होत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो दुबळा नाही. खिडकी म्हणजे तरी काय? तोही एक पडदाच. त्यातही चित्रे सरकतात, डोळे रमतात. मग एका पडद्यापेक्षा दुसरा थोर कसा? हा आक्षेप घेणाऱ्याला एक मोठा साथीदार मिळेल. संत आगस्टीन यांनी 'कन्फेशन्स'च्या दहाव्या प्रकरणात डोळ्यांच्या वासनेविषयी लिहिताना असे सांगितले आहे, की कुत्रा सशामागे धावतो हा खेळ पाहावयास ते आता रंगभूमीवर जात नाहीत. पण रस्त्याने जाताना शेतात तेच दृश्य अचानक दिसले, तर मनातला गंभीर विचार सुटतो आणि घोडा वळला नाही तरी मन तिकडे वळते. घरात बसले असताना माश्या पकडणारी पाल किंवा कोळी दिसला तरी हेच होते, असेही ते म्हणतात. म्हणजे आगस्टीनना विचाराल तर खिडकीबाहेर रमलेला मुलगाही सुटला नाही! बाराशे वर्षांनंतर पास्कलनेही ससाच धरला. १६७० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चिंतनात तो म्हणतो, की शिकाऱ्याला ससा नको असतो, धावपळ हवी असते. कारण स्वस्थ बसला तर स्वतःचा विचार करावा लागेल. (विचारवंतांना सशाचे एवढे आकर्षण का, हे आम्हांला उमगलेले नाही.)

या दोघांचा मान राखूनही आम्हांला वाटते, की खिडकी आणि पडदा यांत भेद आहे. आणि तो चित्राच्या दर्जाचा नाही. खिडकीबाहेरचा देखावा अनेकदा कंटाळवाणाच असतो. या महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ पासून चालले आहे. खडीचे ढीग आणि पत्र्यांची कुंपणे यांत सौंदर्य ते काय असणार? भेद असा, की खिडकीबाहेरचे जग तुमच्यासाठी मांडलेले नाही. ते तुम्हांला धरून ठेवू पाहत नाही. तुम्ही पाहिले नाही तरी त्याचे काही बिघडत नाही, आणि पाहता पाहता डोळे मिटले तर ते तुम्हांला पुन्हा हाका मारीत नाही. पडद्यावरची प्रत्येक हालचाल मात्र तुमच्याकडे पाहून केलेली असते. आगस्टीनचा ससा स्वतःच्या जिवासाठी धावत होता, आगस्टीनसाठी नव्हे.

शिवाय खिडकीबाहेर जे आहे ते कोणाचे तरी आहे. याचे एकच उदाहरण देतो. मुंबई-गोवा रस्ता सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधून दक्षिणेस जातो, आणि सह्याद्रीतून कोकणात उतरणारी नदी पश्चिमेस समुद्राकडे धावते. म्हणून हा रस्ता नद्यांना एकामागून एक आडवा छेदत जातो. नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडजवळ जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, राजापूरला अर्जुना, आणि गोव्याच्या उंबरठ्यावर बांद्याला तेरेखोल. लहानमोठ्या आणखी कितीतरी. नद्या मोजण्याचा खेळ कोणत्याही मुलाला खेळता येतो आणि 'जगबुडी' हे नाव ऐकल्यावर ते का पडले असे विचारल्याशिवाय सहसा कोणी राहत नाही. पण आम्हांला सांगावयाचे आहे ते महाडच्या पुलाविषयी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला पूर आला असताना तेथील ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या व इतर वाहने नदीत गेली. त्या गाड्यांतील माणसेही कोठेतरी निघाली होती. कोणी घरी, कोणी कामावर. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. आज तो ओलांडावयास अर्धे मिनिटही लागत नाही. त्या अर्ध्या मिनिटात गाडीतील कोणी एकाने "येथे असे झाले होते" एवढे म्हणावे की न म्हणावे? आम्हांला ते ऋण वाटते. ज्या भूमीवरून आपण जातो, तेथे माणसे जगली आणि मेली, हे मुलाला कळावे म्हणून त्याचे डोळे त्या अर्ध्या मिनिटापुरते तरी वर उचलले गेले पाहिजेत. पडदा वाईट असतो तो मुख्यतः या ठिकाणी. त्याच्यावर जे दिसते त्याहून त्याच्यामुळे जे दिसेनासे होते, ते गंभीर आहे.

कंटाळ्याची तरफदारी करणारे हल्ली सांगतात, की मुलांना कंटाळू द्या, त्यातून कल्पनाशक्ती फुलते. आम्ही या युक्तिवादावर फारसे विसंबत नाही. कंटाळ्यातून पुष्कळदा कंटाळाच निघतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन २०२४ च्या २१ नोव्हेंबरपासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत जुन्या गोव्याला होते, तेव्हा हे कुटुंब वसईहून मोटारीने निघाले : पतिपत्नी, आठ आणि तेरा वर्षांचे दोन मुलगे आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आजी. दर्शनाचा हा योग दहा वर्षांनी येतो, त्यामुळे पुढच्या वेळी आपण असू की नाही हे गणित आजीने मनाशी केलेले होते. १९७४ च्या दर्शनाला ती नवी नवरी म्हणून बोटीने गेली होती. कोलाडच्या पुढे तिला त्या बोटीची आठवण आली. भाऊच्या धक्क्यावरची गर्दी, डेकवर अंथरलेल्या पथाऱ्या, वाटेतल्या बंदरांत होडीतून उतरणारी माणसे, रात्रभराचा वारा आणि सकाळी दिसलेला मांडवीचा काठ. ती बोलत होती आणि दोन्ही नातवांच्या कानांत गुंड्या होत्या.

सुनेने दोघांचे मोबाईल काढून घेतले. वाचकांना वाटेल, की मग नातवंडे आजीच्या कुशीत शिरून गोष्ट ऐकू लागली. तसे काही झाले नाही. थोरला तोंड फिरवून बसला तो चिपळूणपर्यंत बोलला नाही. धाकट्याने थोडा वेळ धुसफूस केली, पोलादपूरजवळ "आजी, बोटीत संडास होता का?" एवढे विचारले, उत्तर ऐकून हसला आणि झोपी गेला. आजी म्हणाली, "झोपू दे गं त्याला." आणि तिने उरलेली गोष्ट सुनेला सांगितली. सून आम्हांला म्हणाली, की लग्नाला पंधरा वर्षे झाली, पण या बोटीविषयी तिने एक अक्षर ऐकले नव्हते. रोजच्या घरात आजीला सलग अर्धा तास कोणी बसू देतच नाही.

ही हकीकत आम्हांला महत्त्वाची वाटते ती तिच्यात फळ मिळाल्याचा आव नाही म्हणून. थोरल्या मुलाला त्या दिवशी काहीही लाभले नाही. तरी मोबाईल काढून घेणे बरोबर होते असे आम्ही म्हणतो. त्याचे कारण मुलाच्या कल्पनाशक्तीशी संबंधित नाही. एक वृद्ध बाई बोलत होती, हे कारण पुरेसे आहे. समोरचे माणूस बोलत असताना कान मोकळे असावेत, ही रीत त्यातून आपल्याला काय मिळते यावर अवलंबून नसते. आणि जर कोणीच बोलत नसेल, पुढची दोन्ही माणसे आपापल्या विचारांत असतील, आजी पेंगत असेल, तर त्या मुलाकडून आपण कोणत्या संगतीची अपेक्षा करीत आहोत? मुलाचा पडदा बंद करणाऱ्याने त्या जागी स्वतः हजर राहावे लागते. नाही तर ती नुसती जप्ती झाली.

लूकच्या शुभवर्तमानात एका कुटुंबाच्या प्रवासाची गोष्ट आहे. यरुशलेमचा सण आटोपून परतताना बारा वर्षांचा येशू सोबतच्या मंडळींत कोठेतरी असेल, असे समजून मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले, आणि मग नातलगांत शोधू लागले. त्यांना शोधावे लागले, कारण मूल दिसत नव्हते. आजच्या मोटारीत मूल हाताच्या अंतरावर असते, पट्ट्याने बांधलेले असते, आरशात दिसत असते. ते सोबत आहे की नाही, अशी शंका येण्याचे निमित्तच उरत नाही.

तेव्हा पडदा अजिबात नको, असे आम्ही म्हणतो का? नाही. रात्रीच्या प्रवासात, काचेबाहेर अंधाराखेरीज काही नसताना, तिघांनी मिळून एक चित्रपट पाहिला, त्याचा आवाज सर्वांना ऐकू आला, मध्येच कोणी हसले, कोणी "आता हा मरणार" म्हणून आधीच सांगून टाकले, तर तो व्हिडिओ कोचचाच सुधारलेला अवतार झाला आणि त्यात आम्हांला काही वावगे दिसत नाही. एखादी श्राव्य कथा लावावी. ती ऐकताना डोळे मोकळे राहतात. आजारी मुलाला, मतिमंद वा स्वमग्न मुलाला पडद्याने धीर मिळत असेल, तर तेथे इतरांनी बोलूच नये. तासांचे कोष्टक करून देणे आमच्याच्याने होणार नाही. कोणाच्या घरात कोणता तास कोणाचा आहे, हे बाहेरच्याला कळत नाही.

राहता राहिली पुढच्या आसनाची गोष्ट. तेथेही एक पडदा असतो आणि तो पूर्ण प्रवासभर चालू असतो. रस्ता दाखवणारा. त्याच्या सोयीविषयी तक्रार करणे कृतघ्नपणा होईल. रात्री पावसात अनोळखी वळणावर त्याने अनेकांना वाचवले आहे. पण तो आल्यापासून वाटेत थांबून रस्ता विचारणे बंद झाले. पूर्वी लांज्याला किंवा कुडाळला गाडी कडेला घेतली जाई, काच खाली होई आणि पुढे बसलेला माणूस टपरीवाल्याला "दादा" म्हणे, डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला "मावशी", धोतर नेसलेल्या म्हाताऱ्याला "बाबा". मागची मुले ते ऐकत. कोणाला काय म्हणावयाचे, कसे वाकून विचारावयाचे, उत्तर चुकीचे मिळाले तरी "बरं, येतो हं" कसे म्हणावयाचे, हे सारे त्या उघड्या काचेतून आत येत असे. आता गाडी थंड ठेवावयाची म्हणून काच बंद असते, आणि यंत्रातली बाई वळण आले की सांगते. तिला कोणी मावशी म्हणत नाही.